टॉवेल अंथरला की औषध

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी परसात खापर तापलं, पुरणाचा वास सुटला आणि आमचा म्हातारा कुत्रा भुऱ्या उठला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई, ७८ वर्षांच्या आहेत, पण आखाजीचे मांडे अजून कुणाला करू देत नाहीत. दोन्ही हातांवर मांडा गरगर फिरतो, कोपरापर्यंत पसरतो आणि पालथ्या खापरावर जाऊन पडतो. त्या वासाबरोबर भुऱ्या असेल तिथून येतो आणि चुलीपासून चार हातांवर, पुढचे पाय जोडून बसतो. पितरांची आगारी टाकून झाली की जिजी त्याला मांड्याच्या कडेचा तुकडा देतात. १३ वर्षं हे चुकलेलं नाही. तो पिल्लू असताना आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, त्याला मळ्यातून उपरण्यात गुंडाळून आणलं होतं. आप्पांना जाऊन आता ६ वर्षं झाली. भुऱ्या अजून त्यांच्याच खाटेखाली झोपतो.

यंदा तो खाटेखालीच राहिला. मी तुकडा त्याच्या नाकाशी नेला. त्याने वास घेतला, जिभेने ओठ चाटले, काहीच तोंडात नसताना दोनदा घोट गिळला आणि मान भिंतीकडे वळवली.

अमळनेरला त्या आठवड्यात पारा ४३ वर होता. उन्हाळ्यात कुत्री कमी खातात हे खरंच आहे, त्यामुळे गल्लीत ज्याला सांगावं तो म्हणे, ऊन उतरलं की खाईल. मीही स्वतःची समजूत घातली. पाणी पितोय ना, मग झालं. असे चार दिवस गेले. ते चार दिवस मला अजून टोचतात. म्हातारं कुत्रं पूर्ण एक दिवस काहीच खात नसेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, थांबायचं नाही, हे आता माझ्या डोक्यात कायमचं बसलंय.

पाचव्या दिवशी एका ठिकाणी नेलं. तिथे त्याचं तोंड उघडून कुणी पाहिलं नाही. वय झालंय, अंगात ताप आहे, असं सांगून एक टॉनिक आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळी कशी द्यायची असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं, खाण्यात घालून द्या.

खाण्यात घालून द्या. हे तीन शब्द ऐकून मी घरी आले आणि पुढच्या तीन दिवसांत माझ्या कुत्र्याचं उरलंसुरलं खाणंही बंद करून बसले.

पहिल्या दिवशी गोळी कुस्करून दूध-भाकरीत घातली. ज्वारीची भाकरी दुधात चुरून, हे त्याचं लहानपणापासूनचं जेवण. त्याने एक घास घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि मागे सरला. कुस्करल्यामुळे गोळीचा कडूपणा भाकरीच्या कणाकणात उतरला होता. संध्याकाळी मी साधी, औषध नसलेली दूध-भाकरी केली. त्याने ताटलीकडे लांबूनच पाहिलं. त्यानंतर दोन महिने त्याने दूध-भाकरीला तोंड लावलं नाही. १३ वर्षांची आवड एका घासात गेली.

दुसऱ्या दिवशी पेढा झाला, तुपाचा गोळा झाला. तिसऱ्या दिवशी केळं. आमच्या जळगाव जिल्ह्यात केळ्याला काय तोटा, आणि पिकल्या केळ्याला भुऱ्या कधी नाही म्हणत नसे. गोळी आत दाबली आणि हातावर धरलं. त्याने केळं घेतलं, कोपऱ्यात नेलं आणि हळूहळू संपवलं. मला इतका आनंद झाला की मी जिजींना हाक मारली. मग जवळ जाऊन पाहते तर फरशीवर गोळी पडलेली. पांढरी, कोरडी, धुऊन ठेवल्यासारखी. भोवतालचं केळं कणभरसुद्धा शिल्लक नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी रात्री मी रिकामा हात पुढे केला तरी तो उठून खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेला.

त्याच रात्री आमच्या ह्यांनी चमच्याने त्याच्या तोंडात दूध घालायचा प्रयत्न केला. हेतू चांगलाच होता, माझीही त्याला ना नव्हती. मान वर धरून दोन चमचे ओतले आणि भुऱ्याला जोराचा ठसका लागला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की अशक्त जनावराची मान वर करून घशात ओतलेलं दूध किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. आमचं नशीब चांगलं म्हणून ठसक्यावर निभावलं.

खरी गोष्ट ओळखली ती जिजींनी. त्या दुपारभर खाटेवर बसून नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. मी शेजारी बसले तेव्हा म्हणाल्या, “भूक शे त्याले, माय. तोंड दुखस व्हई त्यानं.” भूक आहे, तोंड दुखत असेल. मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाल्या, वाटीपर्यंत जातो, वास घेतो, डाव्या बाजूने चाटायला बघतो आणि परत येतो. ज्याला भूक नाही तो वाटीपर्यंत जात नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडीत घालून धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी टेबलावर ठेवताच पहिल्यांदा त्याचा ओठ वर केला. उजवीकडे वरची मोठी दाढ पिवळी-काळी झालेली, तिच्याभोवतीची हिरडी लालभडक, आणि उजव्या डोळ्याखाली बोटाला जाणवेल इतकी सूज. ती सूज मला घरी दिसली नव्हती, केसांत लपली होती. कुत्र्याला ४२ दात असतात. त्यातली ही वरची मोठी दाढ सडली तर तिच्या मुळाशी होणारा पू डोळ्याखाली येऊन साठतो. लोकांना वाटतं डोळ्याला काही चावलं.

पण एवढंच नव्हतं. ताप होता, हिरड्या एरवीपेक्षा फिकट होत्या, म्हणून रक्त तपासलं. प्लेटलेट ४२ हजार. कुत्र्याच्या अंगात त्या साधारण २ लाखांच्या वर हव्यात. गोचीड ताप निघाला. परसात गुरं नाहीत आता, पण कुत्र्याची तपकिरी गोचीड गुरांवर अवलंबून नसतेच. ती भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात अंडी घालते. नुसतं कुत्र्याच्या अंगाला औषध लावून भागत नाही. आम्ही नंतर परसातल्या सगळ्या भेगा बुजवल्या, खाट उन्हात काढून झटकली, तेव्हा कुठे ती गेली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून मी टेबलाची कडा धरली. दाढ काढायलाच हवी. पण प्लेटलेट इतक्या कमी असताना काढली तर रक्त थांबणार नाही. प्लेटलेट वाढायला डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स, शिवाय दाढेच्या पुवासाठी मेट्रोनिडॅझोल काही दिवस. म्हणजे दाढ दुखते म्हणून तो गोळी घेत नाही, आणि गोळी घेतल्याशिवाय दाढ काढता येत नाही.

“हे मळमळीचंही आहे, ताई,” डॉक्टर म्हणाले. ते ओठ चाटणं, कोरडा घोट गिळणं, अन्नाचा वास घेऊन तोंड फिरवणं, ही मळमळ. त्यांनी मळमळ थांबवायचं आणि दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. तोवर माझ्या पर्समध्ये शेजाऱ्यांनी दिलेली तापाची गोळी होती, माणसांची. ती दाखवली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला आपल्या मनाने कधीच द्यायच्या नाहीत. आयबुप्रोफेननं पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंड निकामी होतं, पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक घरात ती गोळी असते आणि प्रत्येक घरात माया असते.

पेढ्याबद्दलही बोलणी खाल्ली. डॉक्सिसायक्लिन दूध, पेढा, दही यांच्याबरोबर द्यायचं नाही, दुधातल्या कॅल्शियममुळे ते अंगात नीट उतरत नाही. आणि ती कॅप्सूल कोरडी गिळवायची नाही, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. कॅप्सूलच्या मागे पाणी गेलंच पाहिजे.

गाडीत परत येताना मला माझ्या वर्गाची आठवण झाली. मी २६ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, त्यातली बरीचशी पहिलीच्या वर्गावर. शाळेत लस टोचायला नर्सबाई येतात तेव्हा ज्या मुलाला घरून सांगितलेलं असतं की काही होणार नाही, नुसतं बघायचंय, ते मूल पुढे वर्षभर पांढरा ड्रेस घातलेल्या प्रत्येक बाईला बघून रडतं. आणि ज्याला मी सांगते, बाळा, टोचेल, तीन अंक मोजेपर्यंत दुखेल, मग झालं, ते मूल दात-ओठ खाऊन हात पुढे करतं. मी भुऱ्याला तीन दिवस पहिल्या प्रकारे वागवलं होतं. त्याच्या प्रत्येक आवडत्या वस्तूत मी कडू काहीतरी लपवलं होतं. त्याने खाणं सोडलं यात त्याचा हट्ट कुठे होता?

त्या दिवसापासून मी फसवणं बंद केलं.

आप्पांचा एक जुना निळा टॉवेल कपाटात होता. औषधाच्या वेळी तो टॉवेल ओट्यावर, कडुनिंबाच्या सावलीत अंथरायचा. टॉवेल अंथरला की औषध. टॉवेल नाही तर औषध नाही, कधीच नाही, कितीही सोयीचं असलं तरी नाही. जेवण खाटेखाली त्याच्या जागेवर, आणि त्या ताटलीत औषधाचा कणही जाणार नाही. हात आधी साबणाने धुवायचे, कारण बोटांना गोळीचा वास राहतो आणि त्याला तो आपल्याहून कितीतरी आधी कळतो. मी डाव्या हाताने जेवण देऊ लागले आणि उजव्या हाताने औषध. इतक्या बारकाव्याची गरज होती की नाही कोण जाणे, पण मला त्याला एक तरी हात असा द्यायचा होता ज्याच्यावर त्याला शंका घ्यावी लागणार नाही.

खाण्यात लपवून देणं कुणालाच जमत नाही असं नाही. कलेजीचे तीन छोटे तुकडे करायचे, पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा समोर धरून ठेवायचा, म्हणजे तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला जातो. तोंड चांगलं असलेल्या, अजून न फसलेल्या कुत्र्याला हे जमतं. भुऱ्या त्या पायरीच्या पुढे गेला होता. तो प्रत्येक तुकडा फोडून बघायचा.

म्हणून सरळ हातानेच. धुळ्याच्या डॉक्टरांच्या मदतनिसाने मला टेबलावर तीनदा करून दाखवलं होतं. समोरून जायचं नाही, बाजूला बसायचं, कुत्र्याची पाठ आपल्या पोटाला टेकलेली. डाव्या हाताने वरचा जबडा, सुळ्यांच्या मागून, हलका धरायचा. दुखऱ्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने खालचा जबडा खाली आणि कॅप्सूल जिभेच्या मागच्या भागावर, मधोमध. जिभेच्या टोकावर ठेवली तर ती परत बाहेर येणारच. मग तोंड मिटवायचं, मान सरळ ठेवायची आणि गळ्यावरून हात फिरवायचा. नाक चाटलं म्हणजे गिळलं. मग सुई नसलेल्या सिरिंजने ५ मिली पाणी, गालाच्या कडेने, थेंब थेंब, त्याला गिळायला वेळ देत. मेट्रोनिडॅझोलच्या कडू गोळीसाठी डॉक्टरांना विचारून मेडिकलमधून रिकाम्या कॅप्सूल आणल्या. तुकडे त्यात भरले की जिभेला कडू लागायचा प्रश्नच मिटला.

पहिल्या दिवशी चार प्रयत्न लागले आणि माझ्या बोटाला दात लागला. त्याने चावलं नाही, मीच हात उशिरा काढला. सहाव्या दिवशी एका प्रयत्नात गेली. दहाव्या दिवशी मी टॉवेल अंथरला आणि मागे वळून पाहिलं तर तो आपणहून ओट्यापाशी येऊन उभा होता. शेपूट खाली, कान मागे, आनंदाने आलेला नव्हता. पण आला होता. मी त्याला म्हटलं, “एकच आहे, राजा.” आणि खरंच एकच होती.

खाण्याकडे वळणं त्याहून हळू झालं. मळमळ थांबली तरी तोंड दुखतच होतं. मूगडाळ-तांदळाची अगदी मऊ खिचडी, हळद तेवढी, मीठ नाही, फोडणी नाही. चिकन कुकरला लावून हाडं काढून हाताने कुस्करलेलं, आणि त्याचं पाणी. कांदा-लसूण मुळीच नाही. आपल्या खान्देशी स्वयंपाकात ठेचलेला लसूण पडल्याशिवाय काही शिजत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळं पातेलंच ठेवलं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि याचं रक्त आधीच कमी.

एक गोष्ट लक्षात आली, थंड खिचडी तो बघायचा नाही, आणि तीच मनगटावर कोमट लागेल इतकी गरम केली की मान उचलायचा. म्हाताऱ्या कुत्र्याचं नाकही थकतं, ऊन अन्नाचा वास त्याच्यापर्यंत पोचतो. दुपारी ताटली समोर ठेवायचीच नाही, पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर, अंगण निवल्यावर. ताटली विटेवर ठेवली म्हणजे त्याला मान फार वाकवावी लागत नाही. पाच-सहा घास खाल्ले की मी ताटली उचलायचे. अन्न तासन्‌तास समोर पडून राहिलं की त्याच्या वासानेच शिसारी येते, हे मला माझ्या दोन्ही बाळंतपणांवरून माहीत आहे. सुट्टी लागली होती म्हणून दिवसातून पाच वेळा हे जमलं. शाळा सुरू असती तर जिजींनी केलं असतं, त्या रात्री उठून त्याच्या ओठांना चिकनचं पाणी बोटाने लावायच्या आणि म्हणायच्या, “खाय रे भो, खाय.”

१९ व्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं. प्लेटलेट १ लाख ९० हजार. मी तो कागद गाडीत बसून चारदा वाचला.

कोर्स संपल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दाढ काढायला नाशिकला गेलो. पहाटे तीनला निघालो, मालेगाव ओलांडताना उजाडलं, राहुड घाटात पावसाचा शिडकावा आला आणि भुऱ्याने कितीतरी दिवसांनी खिडकीच्या फटीत नाक घातलं. भूल द्यायच्या आधी मूत्रपिंडाची तपासणी झाली, ती या वयातल्या कुत्र्याची करावीच लागते. त्या दाढेला तीन मुळं असतात, म्हणून ती तोडून तुकड्यातुकड्याने काढली. दोन तास आम्ही बाहेर बसलो. ह्यांनी एकदाही मोबाइल हातात घेतला नाही. डॉक्टरांनी तुकडे एका कागदावर ठेवून दाखवले. एका मुळाचं टोक काळंभोर होतं. एवढ्याशा त्या टोकावर त्याने किती महिने भाकरी चावली असेल?

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तो स्वतःहून ताटलीपाशी गेला आणि पूर्ण खिचडी संपवून ताटली ढकलत विटेवरून खाली पाडली. जिजी आतून धावत आल्या.

श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशातली देवी, आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाईचे रोट असतात. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्या कुणाला द्यायचे नाहीत, शेजारी कितीही जवळचा असला तरी. सोमवारी विसर्जन करून आलो तेव्हा जिजी परसात आप्पांच्या खाटेवर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात रोटाचा तुकडा होता. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “हाऊ बी आपला भाऊबंदच शे.”

त्यांनी तुकडा खाली ठेवला. भुऱ्या वाकला. त्याने तो हुंगला, पंजाने उलटा केला, पुन्हा हुंगला, मधोमध फोडून आत बघितलं. आत काही नव्हतं. टॉवेल कपाटात होता. मग त्याने मोठा तुकडा उचलला, डाव्या गालात सरकवला आणि डोळे बारीक करून चावायला लागला.